न्हाऊ घालणारीचं न्हाणं

नऊ दिवस मी अंगाला पाणी लावलं नव्हतं, आणि घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

रोज सकाळी ठरल्या वेळी मी न्हाणीघरात जायचे. कडी लावायची, नळ सोडायचा, बादली भरू द्यायची. मग पाटावर बसून एकेक तांब्या उचलायचा आणि फरशीवर ओतायचा, बाहेर आवाज गेला पाहिजे म्हणून. दहा मिनिटांनी साडी बदलून बाहेर. देवापुढे दिवासुद्धा लावायचे मी तशीच. त्याची मनाला टोचणी होती, पण पाण्याची भीती त्याहून मोठी होती.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण मी धंद्यानं न्हाऊ घालणारी बाई. हडपसर भागात तीस वर्षं बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करून अंघोळ घातली. माझं नाव सुमन, पण सोसायट्यांच्या गेटवर विचारलंत तर मालिशवाल्या मावशी म्हणूनच ओळखतील. अशा बाईला पाण्याची भीती बसली, हे कुणाला सांगणार? नाही सांगितलं, आणि त्यात आजार वाढला. आता दवाखान्यात याच आजाराची नवीन बाई भेटली की मी तिला पहिलं हेच विचारते, किती दिवस लपवलंत? बहुतेकींचं उत्तर महिन्यांत असतं.

*

सुरुवात तोंडापासून झाली. गालाच्या आतून फोड आले आणि बरे होईनात. उष्णता असेल म्हणून गार दूध घेतलं, तूप लावलं, ज्येष्ठमध चघळला. दातांच्या डॉक्टरांनी लावायला मलम दिलं. दोन महिने मी भाकरी ताकात कुस्करून गिळत होते. घरात सांगितलं की दात दुखतोय.

मग पाठीवर एक फोड उठला, पाण्यानं भरलेला, मऊ. तो फुटला आणि त्याच्याबरोबर आजूबाजूची कातडीही सरकली. नंतर काखेत, छातीवर, कमरेला साडी बांधते तिथे. पाणी पडलं की तिखट चोळल्यासारखं व्हायचं. टॉवेल लावला की कातडी टॉवेलला चिकटायची. एकदा तसं झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी ती खोटी अंघोळ सुरू झाली.

कामावर मात्र जात होते. त्या वेळी एका टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर बाळंतीण होती, बाळ वीस दिवसांचं. मी बाळाला पायांवर घेतलं, बाही वर केली, आणि मनगटाच्या वरचा फोड तिनं पाहिला. ती पुढे झाली. माझ्या पायांवरून बाळ हळूच उचलून घेतलं, उराशी धरलं, आणि म्हणाली, "मावशी, उद्यापासून नका येऊ. राग मानू नका."

मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही उचललं असतं. पण तीस वर्षांत माझ्या पायांवरून बाळ कुणी असं काढून घेतलं नव्हतं. लिफ्टमधून खाली येईपर्यंत माझे हात तेलाचेच होते. पुसायचेही राहून गेले होते.

*

लपवलेलं बाहेर काढलं ते आमच्या ह्यांनी. हे कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाले. बोलणं कमी, आणि बोलले तर टोचून. त्या दिवशी दोरीवरचा माझा टॉवेल हातात घेऊन ते स्वयंपाकघरात आले.

"हा कोरडा कसा?"

मी म्हटलं, वाळला असेल.

"कालपण कोरडाच होता. परवापण. तू आंघोळ करतीस का नुसती पाण्याला भेटून येतीस?"

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं असणार, कारण पोलक्यातून ओल फुटलेली होती. त्यानंतर ते टोचून बोलले नाहीत. सुनेला हाक मारली. अश्विनी, माझी सून, आयटी पार्कमध्ये नोकरी करते. तेव्हा तिला सहावा महिना होता. तिनं मला आत नेलं, दार लावलं, आणि पोलकं काढायला सांगितलं. कापड सुटेना तेव्हा ती कोमट पाण्यानं भिजवत बसली. मी सारखी म्हणत होते, अगं, तू हात लावू नकोस, तुझ्या पोटात बाळ आहे. ती ऐकत नव्हती. तिचे डोळे वाहत होते आणि हात मात्र हलके चालत होते.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागात गेलो. बाकावर बसताना लोक थोडे सरकून बसत होते. अंगाला वास येत होता. माझ्या अंगाला कायम तेलाचा, डाळीच्या पिठाचा, वेखंडाचा वास असायचा. पोरं तो वास ओळखायची. आता जो वास होता तो मलाच सहन होत नव्हता.

डॉक्टर मॅडमनी फोडाचा छोटा तुकडा तपासायला काढला. आठवड्यानं त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, पेम्फिगस. नाव मला बरेच दिवस पाठ झालं नाही. पण बाकीचं बोलणं जसंच्या तसं लक्षात आहे. त्या म्हणाल्या, "मावशी, हा तुमच्या स्वच्छतेचा दोष नाही. तुमचं शरीरच तुमच्या कातडीवर उठलंय. आणि हा आजार दुसऱ्याला लागत नाही."

मी विचारलं, "बाळाला?"

"बाळालाही नाही. पोटातल्यालाही नाही."

तेव्हा मी रडले. इतके दिवस माझ्या डोक्यात त्या बाराव्या मजल्यावरच्या बाळाचे गाल होते, सुनेचं पोट होतं. माझं काय होणार हे मी विचारलंच नव्हतं. ते ह्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या की आजार मोठा आहे, औषधं जड आहेत, वेळ लागेल, जखमांत पू झालाय म्हणून आजच भरती व्हायचं. बऱ्या होतील का, असं ह्यांनी परत विचारलं. त्या म्हणाल्या, "बहुतेक होतात. आपण प्रयत्न करू." खोटा धीर त्यांनी दिला नाही, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

निघताना मी भीत भीत विचारलं, अंघोळ कधी करायची?

"रोज," त्या म्हणाल्या. "आजपासून."

*

वॉर्डातला दिवस अंघोळीभोवतीच फिरायचा. सकाळी लतिका सिस्टर यायच्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्या टबात जंतू मारायला पोटॅश टाकायच्या आणि पाणी फिकं जांभळं व्हायचं. आमची नखं वाढली की स्वतः कापायच्या. तोंड औषधाच्या पाण्यानं खळखळून धुवायचं, लहान मुलाच्या मऊ ब्रशनं दात घासायचे. चादर रोज बदलायची. डोक्यात फोड होते म्हणून माझे कमरेपर्यंतचे केसही कापले. कापताना सिस्टरनी विचारलं, वेणी घरी न्यायचीय का? मी नको म्हटलं.

पहिल्या दिवशी मी टबात पाय घालेना. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही तर अंघोळी घालायच्या म्हणे. बाळ रडलं की काय करायचात?"

"रडू द्यायचे," मी म्हटलं. "फुप्फुसं मोकळी होतात म्हणायचे."

"मग रडा तुम्हीपण."

मी रडले. मोठ्यानं रडले. रडत रडतच टबात बसले. सिस्टर पाणी घालत राहिल्या, पाठीवरून अगदी बारीक धार. पहिले दोन-तीन तांबे आग झाली, मग ती कमी होत गेली, आणि शेवटी पाणी नुसतं पाणी वाटलं. बाहेर आल्यावर मी टॉवेल ओढला तर त्यांनी हात धरला. "घासायचं नाही. टिपायचं."

त्या मऊ फडकं ठेवून टिपत होत्या आणि मला एकेक बाळ आठवत होतं. अंगावरची लव जावी म्हणून मी डाळीचं पीठ आणि साय लावून त्यांची पाठ चोळायचे. लालबुंद व्हायची. आया म्हणायच्या, मावशी, हळू. मी म्हणायचे, काही होत नाही, माझी आई असंच करायची. मायेनंच करायचे मी, ते खोटं नाही. पण ती कातडी किती पातळ असते, हे मला माझी गेल्यावर कळलं. कितीतरी बाळांची मी त्या टबाशेजारी बसून मनातल्या मनात माफी मागितली.

जखमा चादरीला चिकटू नयेत म्हणून आमच्या वॉर्डात केळीच्या पानांवर झोपवायचे. पानं धुऊन, वाफवून, गार करून अंथरायची. ह्यांच्या चुलतभावाची मांजरी गावाकडे थोडी केळीची बाग उरली आहे. हे रोज सकाळी बसनं तिकडे जायचे, कोवळी पानं आणायचे, आणि माझ्याबरोबर आणखी दोन खाटांनाही पुरवायचे. पहिल्या दिवशी मला त्या हिरव्या पानावर उताणी पडलेली बघून त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "इतकी वर्षं पानावर तू वाढलंस. आज तूच वाढलेली हायस."

तोंडात फोड असताना हसणं सोपं नसतं. पण हसले मी. शेजारच्या खाटेवरची आजीपण हसली.

*

तिथे दुपारी वेळ जाता जायचा नाही. मी डोळे मिटून धायरीला जायचे. माझं माहेर तिथलं. धायरी तेव्हा गाव होतं. आमच्या घरामागे शेत, शेताच्या कडेला विहीर, आणि विहिरीजवळ एक मोठा सपाट दगड. घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी त्या दगडावर. वडील विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली उभे राहायचे. आम्ही पोरी उन्हं वर आल्यावर. साबणाची वडी एक, ती चौघी बहिणींत फिरायची. रोजची अंघोळ म्हणजे दोन तांबे आणि पळ. डोक्यावरून न्हाणं फक्त रविवारी. त्या दिवशी आई शिकेकाई उकळायची आणि त्याचा वास दुपारपर्यंत अंगणात राहायचा. केस वाळवत आम्ही बांधावर बसायचो, ओले केस पाठीवर सोडून. बसल्या बसल्या झोप लागायची.

माझी आई बाळंतिणींचं करायची. तिच्याबरोबर फिरून मी शिकले. चुलीवर पातेलं, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. ती म्हणायची, बोटं खोटं बोलतात, पाणी कोपरानं बघ. ती कोपर पाण्यात बुडवायची तेव्हा चेहरा असा व्हायचा जसं कुणीतरी लांबून बोलतंय आणि ती ऐकतेय. माझ्या बाळंतपणात तिनं मला चाळीस दिवस अंघोळ घातली. त्यानंतर लतिका सिस्टरांपर्यंत मला कुणीच अंघोळ घातली नव्हती. बाईला आयुष्यात दुसऱ्याच्या हातानं न्हाणं किती कमी वेळा मिळतं, याचा मी त्या पानावर पडून हिशेब करायचे.

ती विहीर बुजवली. तिथे आता पार्किंग आहे.

*

सव्वा महिन्यानं घरी सोडलं. नवीन फोड थांबले होते, पण जुन्या जखमा होत्या, आणि रोजची जांभळ्या पाण्याची अंघोळ घरी चालू ठेवायची होती. घालणार कोण? मुलगा नीलेश कामासाठी बेंगळुरूला. अश्विनीला आठवा महिना, तिला वाकता येईना. हे म्हणाले, मी घालतो.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. या माणसानं कधी स्वतःसाठीसुद्धा गरम पाणी काढलं नव्हतं. आणि मला लाज वाटत होती. फोडांचे काळे डाग, कापलेले केस, गोळ्यांनी सुजलेलं तोंड. मी म्हटलं, अहो, तुम्ही नका बघू मला अशी. त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीत ठेवला. "आता दिसत नाही," म्हणाले, "बस पाटावर."

त्यांनी बोट बुडवून पाणी पाहिलं. मी कोपर दाखवला. त्यांनी बाही सरसावून कोपर बुडवला आणि विचारलं, आता काय कळायला पाहिजे? मी म्हटलं, काहीच कळलं नाही तर पाणी बरोबर आहे. ते लेथवर मापात काम केलेले. दोन दिवसांत त्यांना पाणी माझ्यापेक्षा चांगलं जमायला लागलं. सहा महिने त्यांनी ते केलं, एकही दिवस न चुकवता. कधी कधी चिडायचे. मीही चिडायचे. एकदा पाणी गार झालं म्हणून मी तांब्या फेकला. त्यांनी तो उचलला, धुतला, आणि दुसरं पाणी आणायला गेले. घरात आजारी माणूस असलं की बाकीच्यांच्या दुखण्याला जागा राहत नाही. त्यांचे गुडघे तेव्हा सुजलेले होते, हे मला फार नंतर समजलं.

*

नात झाली, ईरा. आणि मी तिला अंघोळ घालू शकले नाही.

हातांवर जखमा होत्या, औषधांमुळे मलाच जंतूंची भीती होती. अश्विनीची आई आली. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं की नाळ पडेपर्यंत नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं, नंतरही पाच मिनिटांची अंघोळ पुरे, रोज नाही घातली तरी चालेल. धुरी नको, डाळीचं पीठ नको, काजळ नको. विहीणबाई मला म्हणाल्या, "बघा, आपलं सगळंच चुकलं म्हणायचं." मी न्हाणीघराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि पाण्याच्या आवाजावरून ओळखायचे, आता पाठ, आता मान. नात रडायची तेव्हा माझे पाय आपोआप लांब व्हायचे. रिकामे.

अश्विनीनं ते पाहिलं होतं. एक दिवस तिनं अंघोळ झालेली ईरा टॉवेलात गुंडाळून माझ्या तोंडाजवळ आणली, माझा हात लागू न देता. "आई, वास घ्या," म्हणाली. मी घेतला. तेल नाही, वेखंड नाही, कसलाच वास नाही. नुसता बाळाचा. इतक्या बाळांना न्हाऊ घालून मी तो वास कधी घेतलाच नव्हता, त्यावर आधी माझंच काहीतरी लावलेलं असायचं.

माझे हात बरे होईपर्यंत तिला आठ महिने झाले. मॅडमनी हो म्हटल्यावर एका रविवारी मी तिला पायांवर घेतलं. ती मावली नाही. पाय माझ्या घोट्यांच्या पुढे लोंबत होते आणि ती उठून बसायला बघत होती. ते चाळीस दिवस गेले ते गेलेच. मी तिला बसवलं आणि बसल्या बसल्या अंघोळ घातली. तिनं मला भिजवलं.

*

आता मला बरं आहे. गोळ्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. डाग आहेत. रोज अंघोळ करते, पाच मिनिटं, कोमट, साबण फक्त लागतो तिथे, आणि अंग टिपते. कुणी विचारलं की रोज न्हावं की नाही, तर मी म्हणते, आपल्या कातडीला विचारा, शेजारणीला नको. मालिशचं काम सोडलं. फोन येतात तेव्हा आजार आधी सांगते, आणि बाळाला कसं न्हाऊ घालायचं ते आईलाच शिकवते. काहीजणी बोलावतात, काही नाही.

महिन्यातून एकदा तपासणीला जाते. मागच्या खेपेला लतिका सिस्टरनी मला वॉर्डात बोलावलं. भोरकडची एक बाई आली होती, चाळिशीची, चार दिवस झाले तरी टबाजवळ येत नव्हती. नवऱ्यालाही तिनं बाहेर उभं केलं होतं. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही बोला.

बोलायचं काय? मी हात धुतले, पदर खोचला आणि तिला माझी पाठ दाखवली. ती बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "तुमालापण एवढंच हुतं?"

"याच्यापेक्षा जास्त," मी म्हटलं. "आग होईल. तीन तांबे होईल, मग नाही. मोज."

ती बसली. मी कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि पहिला तांब्या तिच्या पावलांवर ओतला. तिनं टबाची कड घट्ट धरली. दुसरा गुडघ्यांवर. तिसरा पाठीवर, सिस्टरांसारखी बारीक धार धरून. ती एक, दोन, तीन म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी थांबले. तिनं मान वर केली नाही. जांभळ्या पाण्याकडे बघतच म्हणाली, "मावशी, आणखी घाला."